वैदेहीताईंचा श्वास

"ताई, तुम्हाला दमा आहे का हो?"

शलाका बिराजदारनं हे विचारलं आणि दहावी ‘ब’चा अख्खा वर्ग गप्प झाला. पैज मागच्या बाकावरच्या प्राचीची होती. "हिंमत असेल तर विचार. विचारलंस तर पंख्याखालची जागा तुझी." लातुरात ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याखालची जागा म्हणजे काय चीज असते, हे लातूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. त्यातून शलाका नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली होती. तेव्हापासून तिला कुणी ‘हिंमत असेल तर’ एवढं म्हटलं की पुरे व्हायचं.

समोर भिंतीएवढ्या पडद्यावर वैदेहीताई होत्या. अबोली रंगाची साडी, घट्ट वेणी, बारीकशी टिकली. ‘अक्षरझेप’ कंपनीच्या या ताई दोन वर्षांपासून शाळेला गणित शिकवत होत्या आणि शिकवायच्या मोठ्या झकास. फक्त एक खोड होती. मध्येच त्या ‘हप्’ असा श्वास आत ओढायच्या. तव्याला बोट लागल्यावर आपण ओढतो ना, अगदी तसा.

ताई हसल्या. "नाही गं बाई, ठणठणीत आहे मी. का?"

"तुम्ही सारखा श्वास आत ओढता म्हणून."

वर्ग खुसखुसला. पंख्याखालची जागा मिळाली होती, विषय तिथंच संपायचा. पण शलाकाच्या शेजारची झोया सय्यद तिला कोपरानं ढोसून म्हणाली, "दमा नाही तो. माझ्या अब्बूंना आहे, मला कळतं. ह्या फक्त आपण काही विचारलं की ओढतात. आणि तेपण उत्तर ‘हो’ असेल तरच."

झोया दिवसाला दहा वाक्यं बोलायची, पण त्यातलं एकही फुकट जायचं नाही. शलाकाचे डोळे लकाकले. वर्गावर नेमलेले सर बाहेर व्हरांड्यात फोनवर हसत होते, म्हणजे रान मोकळं होतं.

"ताई, सहाचा वर्ग छत्तीस ना?"

हप्. "बरोबर."

"आणि सातचा अठ्ठेचाळीस?"

"एकोणपन्नास गं, वेंधळे!" श्वास नाही.

"ताई, तुम्ही लातूरच्याच का?"

"हो तर! गंजगोलाईच्या मागंच घर आहे आमचं." आवाज स्वच्छ, साखरेत घोळलेला. श्वास नाही.

शलाकाच्या हातावर काटा आला. झोयानं तिचं मनगट धरलं.

"तुम्ही भारतात राहता?"

"हो गं, नाहीतर कुठं राहणार?" श्वास नाही.

"भारताबाहेर?"

हप्.

आणि त्याच्या पाठोपाठ तोच साखरेचा आवाज, "काहीतरीच काय विचारतेस! चला, पुढचं उदाहरण घेऊ."

आता कुणीही खुसखुसत नव्हतं. झोयानं भूगोलाचं नकाशांचं पुस्तक उघडून शलाकापुढं सरकवलं. शलाका उभी राहिली. युरोप? काही नाही. आफ्रिका? हप्. केनिया? सुदान? इथिओपिया? आणि या वेळी ‘हप्’ इतकं मोठं आलं की पहिल्या बाकावरची मुलगी दचकून मागं सरकली. पडद्यावरचं तोंड वर्गसमीकरण सांगत होतं, आणि त्याच्या मागं कुणीतरी दुसरीच बाई, जीव एकवटून, श्वासानं बोलत होती. शलाकाला पक्कं कळलं की त्या बाईलाही कळलंय. आता ती सवयीनं श्वास ओढत नव्हती, उत्तरं देत होती.

"कंपनीला माहीत आहे हे?"

हप्.

"कंपनीनंच खोटं बोलायला लावलंय?"

हप्.

"मुलींनो, वेळ वाया जातोय हं," आवाज म्हणाला.

तेवढ्यात प्राची मागून ओरडली, "ताई, आम्हाला शिकवायला आवडतं का पण?"

क्षणभर काहीच आलं नाही. मग हप्, आणि मग बारीक बारीक तुटलेले श्वास, एकामागून एक. ताई हसत होत्या! चेहरा मख्ख आणि श्वास हसरा. वर्गानं टाळ्यांचा असा कडकडाट केला की सर फोन ठेवून आत आले आणि विनाकारण शलाका आणि झोयाला वर्गाबाहेर उभं केलं.

शाळा सुटल्यावर शलाकानं औसा रोडपर्यंत सायकल अशी हाणली की चेन दोनदा उतरली.

घराच्या पुढच्या खोलीत तिच्या पप्पांचं, शिवानंद बिराजदारांचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या शटरवर ‘भूमिपुत्र रोजगार मंच’ची पाटी. पप्पा एके काळी पुण्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. कंपनीनं त्यांचा सगळा विभाग एका रात्रीत स्वस्त देशात हलवला, तेव्हा ते लातूरला परत आले आणि मंचात शिरले. येत्या महापालिका निवडणुकीत त्यांना नगरसेवकाचं तिकीट हवं होतं. आई, अश्विनी बिराजदार, हीसुद्धा ‘अक्षरझेप’चीच. चार वर्षं ती घरून गणित शिकवायची. मग कंपनीनं तिला आणि तिच्यासारख्या सगळ्या मराठी शिक्षिकांना एका निरोपात घरी बसवलं. पुढं सरकारनं नियम काढला की राज्यातल्या शाळांना राज्यातलेच शिक्षक हवेत. कंपनीनं छातीठोक सांगितलं, आमचे सगळे इथलेच. हे खोटं आहे असं सगळ्यांना वाटायचं, पण पुरावा कुणाकडंच नव्हता.

आणि आता तो शलाकाकडं होता. दम लागलेला असतानाच तिनं सगळं ओकून टाकलं.

पप्पांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्यांचे डोळे असे चमकले की शलाका आनंदानं फुगली. तिच्या पप्पांनी तिच्याकडं असं कधी पाहिलंच नव्हतं.

"गळपट्टा," ते म्हणाले. "पुण्यात असताना आम्हीच तपासायचो तो. बस, सांगतो."

गळ्याभोवती पातळ पट्टा बांधायचा. माणूस बोलतो तेव्हा आवाज निघायच्या आधी गळ्याच्या, जबड्याच्या स्नायूंना मेंदूकडून बारीक विजेचे इशारे जातात. पट्टा ते इशारे टिपतो. म्हणजे शब्द कानावर पडायच्या आधीच यंत्राला तो कळलेला असतो. ते त्याचं दुसऱ्या भाषेत रूपांतर करतं, हवा तो आवाज लावतं, हवा तो चेहरा हलवतं. आपण बोललो की उलट रस्त्यानं त्या बाईच्या कानात तिची भाषा. वर एक चाळणी. ‘इथिओपिया’, ‘पगार’ असले शब्द तिच्या गळ्यात आले की यंत्र ते गिळून टाकतं आणि जागी ठरलेलं वाक्य बसवतं. ती म्हणेल मी अमुक गावची, ऐकू येईल गंजगोलाई.

"पण मग इथिओपियाच का?"

"कारण त्यांची अम्हारिक आपल्यासारखी चालते. क्रियापद शेवटी. इंग्रजी बोलणारीचं मराठी करायचं तर यंत्राला वाक्य उलटंपालटं करत बसावं लागतं, मध्ये अडखळतं, पोरांना संशय येतो. तिकडची बाई ज्या क्रमानं बोलायली त्याच क्रमानं मराठी बाहेर. आणि स्वस्त किती! तुझ्या आईला द्यायचे त्याच्या चौथ्या हिश्शात."

"आणि श्वास?"

"तो गाळायचे आधी. पण पोरं दहा मिनिटांत कंटाळायची. चेहरा माणसाचा, पण श्वास नाही म्हणजे भूत वाटायचं. मग खरा श्वास तसाच ठेवला." पप्पा मांडीवर थाप मारून हसले. "तिथंच फसले! तिकडं ‘हो’ म्हणायला लोक श्वास आत ओढतात. कंपनीनं मला अमेरिकेत पाठवलं होतं तेव्हा शेजारी अबेबे म्हणून तिकडचाच टॅक्सीवाला होता. मला वाटायचं, ह्याला कायमची उचकी लागलीय. यंत्राला वाटलं नुसता श्वास आहे, सोडून दिला."

आई एवढा वेळ दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "शिकवते कशी?"

शलाकानं उत्साहाच्या भरात मोबाइलवर तासाच्या उजळणीचा तुकडा लावला. वैदेहीताई म्हणत होत्या, "हे बघ माझे बाई, गणित काही चावत नाही. आधी त्याला नाव विचार, मग गाव विचार, मग घरात घे."

आईचा चेहरा उतरला. "हे माझं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझं बोलणं आहे. नाव विचार, गाव विचार. मीच म्हणायची पोरांना. चार वर्षांचे माझे तास आहेत त्यांच्याकडं." आईनं पडद्यावरच्या अबोली साडीकडं बोट केलं. "काम नेलं ते नेलं. तोंडसुद्धा नेलं माझं."

"बग! म्हणूनच हाणायचं त्या बाईला," पप्पा म्हणाले.

"बाईनं कुठं नेलंय? कंपनीनं नेलंय."

"एकच ते."

शलाकाला तेव्हा वाटलं, पप्पा घाईत बोललेत. एकच कसं असेल?

दुसऱ्या दिवशी ती शर्टाच्या बटणात पप्पांचा कॅमेरा लावून शाळेत गेली. पप्पांनी प्रश्न पाठ करून घेतले होते. भारतात का? आफ्रिकेत का? इथिओपियात का? तिनं ते विचारले, पण स्वतःचेही घातले, कारण अर्धंच खरं विचारणं तिला लबाडी वाटली. कंपनीनंच खोटं बोलायला लावलं का? हप्. नाही बोललं तर कामावरून काढतात का? हप्. पगार वेळेवर मिळतो का? यावर नुसती शांतता. ताई आदल्या दिवसापेक्षाही जोरात उत्तरं देत होत्या. कुणीतरी दार वाजवतंय म्हटल्यावर आतून घाईघाईनं कडी काढावी, तशी.

दोन दिवसांत ती चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. फीत एवढीशीच होती. भारतात का? आफ्रिकेत का? इथिओपियात का? हप्! आणि खाली लाल अक्षरं, ‘परकी वैदेही पकडली’. शलाकाचे स्वतःचे प्रश्न त्यात नव्हते.

"लोक लांबलचक बघत नाहीत गं," पप्पा म्हणाले. "धार लागते."

मंचानं कंपनीविरुद्ध मोर्चा काढला त्या दिवशी शलाका टेम्पोवर उभी होती. गळ्यात मंचाचा भगवा-हिरवा गमछा, समोर तुडुंब गर्दी, आणि माइकवरून पप्पा गर्जत होते, "वैदेही कुठली?" गर्दी छाती भरून श्वास ओढायची, "हप्!" आणि खदाखदा हसायची. पहिल्यांदा शलाकापण हसली. खोटं कशाला सांगायचं, मजा येत होती. मग तिला वैदेहीताईंचा मोठा फोटो दिसला. त्याला डांबर फासलं होतं, नाक, गाल, ओठ, सगळं. फोटोसमोर दोन बापये छाती बडवत माकडासारख्या उड्या मारत होते आणि लोक त्यांचं चित्रण करत होते. शलाका टेम्पोवरून उतरली, गमछा काढला आणि चालत घरी गेली.

झोया मोर्चाला आलीच नव्हती.

"का आली नाहीस?" शलाकानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"कशाला येऊ? आज तिला विचारायलेत, तू कुठली. मला तर रोजच विचारतात."

त्याच दुपारी कंपनीचं निवेदन आलं. ‘हिरुत अलेमू नामक व्यक्तीने बनावट ओळख धारण करून अक्षरझेपची आणि विद्यार्थ्यांची घोर फसवणूक केली. सदर व्यक्तीस तत्काळ बडतर्फ करून थकीत वेतन रोखण्यात आले आहे.’ शलाकानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. हिरुत. दोन वर्षं जिच्याकडून ती गणित शिकली तिचं नाव तिला कळलं ते असं, आरोपी म्हणून.

आणि तास सुरू झाला तेव्हा पडद्यावर वैदेहीताई होत्याच! तीच अबोली साडी. तीच टिकली.

"ताई, तुम्ही त्याच का?" शलाकाचा आवाज चिरकला.

"हो गं, तीच मी. चला, बुद्धीला धार लावू."

"सहाचा वर्ग छत्तीस ना?"

"बरोबर."

श्वास नव्हता. आत ओढलेला नव्हता, बाहेर सोडलेला नव्हता, कसलाच नव्हता. आता मागं कोण होतं, कुठल्या देशातली, आणखी किती स्वस्त, देव जाणे. वर्गातल्या मुली वहीत उदाहरण उतरवून घ्यायला लागल्या. झोयानं मात्र पेन खाली ठेवलं.

शलाका घरी आली ती तापलेली.

"पप्पा, ती फीत पूर्ण टाका. कंपनीनंच लावलं होतं तिला खोटं बोलायला. तिनं सांगितलंय. तुम्ही ऐकलंय!"

पप्पा एका फोनची पाठ उघडत होते. "झालं ते झालं. तिचं नाव काळ्या यादीत गेलंय आता. गळपट्ट्याच्या कुठल्याच कंपनीत उभं करणार नाहीत तिला. आपला मुद्दा सिद्ध झाला."

"कुठला मुद्दा? कंपनीला तर काहीच झालं नाही!"

"हे बग, परक्या माणसानं स्वस्तात येऊन आपल्या पोटावर पाय द्यायचा..."

"तुम्ही नव्हता दिला?"

पप्पांनी फोन तसाच उघडा ठेवून वर पाहिलं.

हा किस्सा त्या घरात शंभर वेळा सांगून झाला होता, हसत हसत, पाहुण्यांसमोर. पप्पा तरुणपणी कंपनीकडून अमेरिकेत ओहायोला गेले होते. तिथं ग्रेग नावाच्या माणसानं त्यांना स्वतःचं काम शिकवलं. रोज, महिनाभर, शेजारी बसवून. शिकवून झाल्यावर ग्रेगलाच काढलं, कारण पप्पा स्वस्त होते. शिकवायला नकार दिला असता तर जाताना मिळायचे ते पैसेही मिळाले नसते. शेवटच्या दिवशी ग्रेगनं खोक्यात कॉफीचा मग आणि मुलांचे फोटो भरले, पप्पांच्या खुर्चीची उंची नीट करून दिली आणि निघून गेला. बाहेर रस्त्यावर लोक फलक घेऊन उभे होते, परत जा म्हणून. किस्सा संपताना पप्पा नेहमी म्हणायचे, आपण हुशार होतो म्हणून बोलावलं, त्यांना झोंबलं.

"तुम्ही तिथं गेलात तर हुशार, आणि ती चोर?" शलाका आता ओरडत होती. "ती तर इथं आलीसुद्धा नाही! गळ्यात पट्टा बांधून स्वतःच्या घरात बसलीय बिचारी. ग्रेगला तुम्ही काढलं होतं का? कंपनीनं काढलं. तुम्हाला कुणी काढलं? कंपनीनं. आईला? कंपनीनं. आणि डांबर कुणाच्या तोंडाला? हिरुतच्या!"

"आवाज खाली कर. दुकानात गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईकालापण ऐकू दे!"

गिऱ्हाईक दुकानातून हळूच उतरलं आणि फोन तसाच सोडून चालू पडलं.

त्यानंतर बापलेकीत बोलणं बंद झालं. आणि मग, सरकारनं या प्रकरणी नेमलेल्या चौकशी समितीच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, कंपनीचा माणूस घरी आला. देशपांडे का देशमुख असं काहीतरी, इस्त्रीचा शर्ट, पेढ्यांचा पुडा. चहा घेता घेता तो एवढ्या सहज बोलला की शलाकाला आधी कळलंच नाही हा काय विकायलाय.

मंचानं समितीपुढं सांगायचं की सगळा दोष त्या बाईचा. मग कंपनी लातुरातल्या चाळीस शिक्षिकांना काम देणार. पहिलं नाव अश्विनी बिराजदार. मंचाचा विजय, वर्तमानपत्रात फोटो, तिकीट तर खिशातच. आणि शलाकानं समितीपुढं एकच वाक्य बोलायचं, ‘त्या ताईंनी आम्हाला फसवलं’. बिचारी लहान मुलगी बोलली की परिणाम होतो.

"मराठी शाळांना शिकवायचं ना?" आईनं विचारलं.

"नाही मॅडम. ते आता दुसरीकडं गेलंय. तुम्ही अमेरिकेतल्या मुलांना. तिकडं शिक्षक परवडत नाहीत हो, तुम्ही परवडता." त्यानं टेबलावर एक पांढरी पेटी ठेवली. आत मखमलीवर गळपट्टा. "तिकडचं नाव मिस एमिली. क्लीव्हलँडच्या. पगार पूर्वीइतका नसेल, पण घरबसल्या आहे."

तो गेला. पप्पा पेढा खात होते. आईनं आरशासमोर उभं राहून पट्टा गळ्याला लावला. पेटीतल्या कागदावर सूचना होत्या. इंग्रजीत वाक्य लवकर वळावं म्हणून क्रियापद आधी बोला. आई पुटपुटायला लागली.

"मी आहे... मी आहे राहणारी क्लीव्हलँडची. मला आवडतं गणित. चला सोडवू या आपण हे. विचारा त्याला नाव, विचारा त्याला..." ती अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. "मी आहे राहणारी क्लीव्हलँडची."

शलाका ऐकत होती. लातुरात जन्मलेली, लातूरच्याच मुलींना हसवत गणित शिकवणारी तिची आई आपलंच बोलणं उलटं करून, तुकडे तुकडे करून गिळत होती, कुठल्या तरी ग्रेगच्या पोरांना फसवायला. उद्या त्या पोरांपैकी कुणी आईला पकडेल. मग क्लीव्हलँडच्या चौकात आईच्या फोटोला डांबर फासतील, आणि कंपनी निवेदन काढेल, ‘अश्विनी बिराजदार नामक व्यक्तीने’.

"आई, काढ ते."

"काढून काय करू? शिकवण्या चार पोरींच्या. तुझ्या पुढच्या शिक्षणाला काय घालू?" आई आरशातूनच बोलली. "मला पटतंय असं वाटतं का तुला? पण मी नाही घातला तर दुसरी घालेल."

"हिरुतनंपण असंच म्हटलं असेल."

आईनं पट्टा काढला नाही, पण सूचनांचा कागद घडी घालून पेटीत ठेवला.

"झालं का तुझं?" पप्पा म्हणाले. "उद्या साडेदहाला सुनावणी. एक वाक्य बोलायचं, पाया पडायचं, खाली बसायचं. चाळीस घरं उभी राहायलीत त्याच्यावर, भाषणबाजी नको. हिरुत कोण लागते तुझी?"

"ताई लागते," शलाका म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली. तिचा आवाज वक्तृत्व स्पर्धेतल्यापेक्षाही स्थिर होता.

"पप्पा, आई, ऐका. समितीसमोर मी उद्या जाणार आहे, पण ते वाक्य बोलायला नाही. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न सांगणार आहे, ओळीनं, आणि तिनं दिलेलं प्रत्येक उत्तर. कंपनीला माहीत होतं हे सांगणार. कंपनीनंच तिला लावलं हे सांगणार. फीत कापली आणि ती माझ्या पप्पांनी कापली हेपण सांगणार. आत्ता आपल्या टेबलाशी बसून कोण काय देऊन गेलं, तेही. आईचे चार वर्षांचे तास कंपनीनं न विचारता वापरले, त्याबद्दल आई स्वतः बोलली तर बरं, नाहीतर मी बोलेन."

"कोण ऐकणार तुझं? पंधरा वर्षांची तू!" पप्पा उभे राहिले. "पुरावा काय?"

"आख्खा वर्ग. प्राचीच्या घरचे तिला सोडत नाहीत, पण झोया येतेय. बाकीच्यांच्या घरी मी संध्याकाळी जाणार आहे, एकेकीच्या."

"तिकीट जाईल माझं."

"जाईल."

"तुझ्या आईचं काम जाईल."

शलाकानं आईकडं पाहिलं. आरशातली आई तिच्याकडंच बघत होती, गळ्यात पट्टा तसाच. हे उत्तर सगळ्यांत अवघड होतं, आणि ते देताना शलाकानं नजर खाली घातली नाही.

"जाईल. आणि त्याचा राग तू माझ्यावर काढ आई, मी ऐकून घेईन. पण हिरुतनं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. ठरलंय माझं. साडेदहाला जिल्हा परिषद. तुम्ही दोघं येणार असाल तर दहाला स्कूटर काढा, नसाल तर मी आणि झोया सायकलनं जातो."